खाटांची वाटणी

आदिलाबाद जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयात तेलुगू, मराठी व गोंडी बोलणारे रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतात. पाळीच्या आरंभी प्रत्येक परिचारिकेस सारख्या खाटा दिल्या म्हणजे न्याय झाला, असे सहज वाटते. आम्हांस ते पटत नाही. ज्याची व्यथा दुभाष्यावाचून कळत नाही असा उटनूरकडचा एक वृद्ध आणि उद्या घरी जाणारे दोन रुग्ण, यांचा भार संख्येने कसा मोजावा?

ठेकेदार संस्थेने पुरविलेल्या हंगामी परिचारिकेच्या वाट्याला अवघड खाटा येण्याचा संभव अधिक. कारण तिला 'नाही' म्हणण्याची सोय नसते. जिला नकार देता येत नाही, तिचा होकार हा होकारच नव्हे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जगजीत सिंग खटल्यात, सारखे काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यास नियमित वेतनश्रेणीतील किमान वेतन द्यावे, असा निर्णय दिला. पण काम सारखे वाटले गेले की नाही, हे वेतनपत्रकात दिसत नाही.

मग नवखीस सोप्याच खाटा द्याव्यात काय? तसे केल्यास कायम सेवेतील परिचारिकांवर अन्याय होईल. आमच्या मते कसोटी एकच: वाटणी करणारीने त्याच अटींवर ती खाट स्वतः घेतली असती काय? वॉर्डाची माहिती नसलेल्या हाती अत्यवस्थ रुग्ण सोपविला, तर अन्याय तिच्यापुरता राहात नाही. त्याचे फळ रुग्ण भोगतो. आणि त्याला तर कोणी विचारलेलेही नसते.