सत्तावीस हजारांचा फरक

दोन सायकली होत्या. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या, दोन्ही रोड बाइक, दोन्हींचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. एक ४१ हजारांची, दुसरी ६८ हजारांची. मागच्या हिवाळ्यात जवळजवळ दीड महिना मी या दोघींमध्ये अडकून पडलो होतो. रात्री जेवण झालं की सक्करदऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मोबाइल घेऊन बसायचं आणि दोन टॅबमध्ये दोन सायकली उघडून ठेवायच्या, हा नेमच झाला होता. आई विचारायची, "कोणाशी बोलून राहिला एवढा वेळ?" तिला मुलीचा संशय होता. सायकल आहे हे कळल्यावर तिची थोडी निराशाच झाली.

दोन्ही फ्रेम ६०६१ या एकाच मिश्रधातूच्या. म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन. आजी ज्याला 'जर्मन' म्हणायची आणि ज्याच्या पातेल्यात आमच्याकडे दूध तापायचं, त्याच धातूचं हे सुधारलेलं भावंड. या धातूवर संशोधन करणारी देशातली संस्था आमच्याच गावात, अमरावती रोडवर वाडीला आहे, हेही मला या दीड महिन्यातच कळलं. माणूस खरेदी करायला निघाला की किती अभ्यास करतो!

फरक बाकीच्या गोष्टींत होता. स्वस्त सायकलीचा पुढचा चिमटा स्टीलचा, महागीचा कार्बनचा. स्वस्तीला मागे आठ गिअर, महागीला नऊ. स्वस्तीचे ब्रेक रिमला धरणारे, महागीचे डिस्क. वजनात साधारण सव्वा किलोचं अंतर.

मग मी हिशोब केला. माझं वजन ६८ किलो. सायकल, पाण्याच्या दोन बाटल्या, पंक्चरचं सामान धरून सगळा बोजा ८० किलोच्या वर. त्यात सव्वा किलो म्हणजे दीड टक्का. घाट चढताना साधारण तेवढाच फायदा मिळणार, आणि नागपुरात घाट आहे कुठे? इथे सपाटीवर खरा सामना वाऱ्याशी. वेग दुप्पट केला तर हवा कापायला आठपट ताकद लागते, आणि वारा काही सायकलीची किंमत विचारून अंगावर येत नाही. पावसात डिस्क ब्रेक चांगले, हे मान्य. पण मला करायची होती २०० किलोमीटरची बीआरएम. तिला साडेतेरा तास मिळतात. चहा, नाश्ता, पंक्चर सगळं धरून ताशी १५ किलोमीटरसुद्धा सरासरी लागत नाही. स्वस्त सायकल पुरेशी होती. ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. उरलेला दीड महिना मी न कळल्यासारखं करण्यात घालवला.

नागपुरात सायकलवाल्यांचं एक दुखणं आहे. डॉ. अमित समर्थ आमच्याच गावचे. २०१७ साली त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली, आणि २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी ९ हजारांहून जास्त किलोमीटरची शर्यत. तेव्हापासून सकाळी साडेपाचला घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपणही. मलाही वाटलं. फक्त त्यांच्यासारखे पाय करायला वर्षं लागतात आणि सायकल घ्यायला एक दुपार पुरते. म्हणून माझं लक्ष सायकलीवर.

हे सगळं इथवर असतं, तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

या दीड महिन्याच्या सुरुवातीला माझ्या एका मित्राने मला २५ हजार रुपये मागितले होते. शाळेपासूनचा मित्र. तासाच्या भाड्याने सायकल आणून आम्ही दोघं सक्करदरा तलावाच्या बाजूला शिकलो. आधी कैची, मग दांडीवरून, मग सीटवर. मी चालवायचो तेव्हा तो मागून सीट धरून पळायचा. आता तो मेडिकल चौकाकडे एका औषधांच्या दुकानात काम करतो. बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता भरायचा होता. सहा महिन्यांत परत करतो, म्हणाला. मी म्हणालो, "सध्या नाहीत रे माझ्याजवळ."

खात्यात तेव्हा ७२ हजार होते. सायकलीसाठी वर्षभर बाजूला टाकलेले. बोलताना मला खोटं बोलतोय असं अजिबात वाटलं नाही. ते पैसे माझ्या मनात आधीच खर्च झाले होते, फक्त कशावर हे ठरायचं होतं.

पुढे गच्चीवर बसल्या-बसल्या दोन किमतींची वजाबाकी केली. २७ हजार. आणि मी थांबलो. मित्राने मागितलेली रक्कम त्या फरकात मावत होती, वर दोन हजार उरत होते.

त्या रात्रीपासून महाग सायकल मला महाग दिसायला लागली. पण एक गंमत लक्षात आली. मला टोचत होते ते फक्त वरचे सत्तावीस. खालचे एकेचाळीस अजिबात टोचत नव्हते. का? मित्राला नकार दिला तेव्हा माझ्याजवळ सगळेच बहात्तर होते. स्वस्त सायकल घेऊनही मी त्याच्या बहिणीच्या फीऐवजी सायकलच निवडणार होतो. मग निम्म्याहून जास्त रक्कम निर्दोष आणि उरलेली दोषी, हा निवाडा मनाने कोणत्या कायद्याने केला?

मला वाटतं, मन असं चालतं: ज्याला आपण 'गरज' म्हणतो त्याचा हिशोब बंद होतो. त्याच्यावर पुन्हा प्रश्न विचारत नाहीत. प्रश्न सुरू होतात ते त्याच्या वर. म्हणजे सगळी कमाल 'गरज' या शब्दात आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहिलंय की तागाच्या कापडाचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे, ग्रीक-रोमन लोक त्याच्याशिवाय मजेत जगले. पण आपल्या काळात साधा मजूरसुद्धा तो नसेल तर चारचौघांत जायला लाजेल, म्हणून तो गरजेतच धरायला हवा. लाज टाळायला जे लागतं ते गरजेचं. हे वाचून मला आधी बरं वाटलं, मग वाईट. कारण मी ज्या ग्रुपमध्ये सकाळी जातो तिथे ४१ हजारांची सायकल हा तो सदरा आहे. आणि उमरेड रोडवर त्याच वेळी काळ्या लोखंडी सायकलीला दुधाचे कॅन बांधून येणारा माणूस दुसऱ्याच सदऱ्याच्या जगात आहे. रस्ता एक, हवा एक, गरज मात्र ग्रुप बदलला की बदलते. म्हणजे माझ्या एकेचाळीस हजारांना निर्दोष ठरवणारा न्यायाधीश माझ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये होता.

दुसऱ्या टोकाला पीटर सिंगर आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो लोक जीव घेऊन पळत होते, तेव्हा त्याने एक निबंध लिहिला, जो १९७२ साली छापून आला. त्याचं उदाहरण साधं: उथळ तळ्यात एक मूल बुडतंय, तुम्ही बाजूने चाललात. कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग दूरच्या उपाशी माणसासाठी कपड्यांइतका खर्च करायला का थांबता? त्याच्या हिशोबात माझे सगळे बहात्तर टोचायला हवेत. सक्करदरा तलावावरून जाताना मी हे उदाहरण खूपदा मनात घोळवलं. त्याला उत्तर देता येत नाही आणि त्याप्रमाणे जगताही येत नाही, अशी माझी स्थिती.

आमच्या वस्तीला या दोन्ही टोकांची ओळख जुनी आहे. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून इथल्या आपल्या राजवाड्यात आणलं. राजाचा वाडा आणि त्यात फकीर. बाबांचा दर्गा आज उमरेड रोडवर ताजबागेत आहे, आणि आमची सकाळची राइड त्याच बाजूने जाते. काही नसलेल्या माणसापुढे सगळं असलेला माणूस वाकतो, हे ऐकायला छान. पण मी राजा नाही आणि फकीरही नाही. मी ७२ हजारवाला आहे. आपल्यापैकी बहुतेक लोक कोणत्या ना कोणत्या आकड्याचे असेच असतात, आणि आपल्यासाठी कोणी पोथी लिहिलेली नाही.

बरेच दिवस मी प्रश्न असा मांडत होतो: पैसे द्यायला हवे होते का? त्याचं उत्तर येत नव्हतं. मग एका सकाळी वाऱ्याविरुद्ध जुनी सायकल रेटताना लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी खणतोय. पैसे न देण्याचा मला हक्क होता. वर्षभर बाहेरचं खाणं कमी करून ते जमवले होते. मित्र असला म्हणून माझ्या बचतीवर त्याचं नाव लागत नाही. अडचण नकाराची नव्हतीच. अडचण 'नाहीत' या शब्दाची होती.

'आहेत, पण देत नाही' आणि 'नाहीत' यांचा खिशावर परिणाम सारखाच. पण पहिल्या वाक्यावर समोरच्याला काहीतरी करता येतं. तो रागावू शकतो. वाद घालू शकतो. कशासाठी ठेवलेत, असं विचारू शकतो. 'नाहीत' म्हटलं की त्याच्या हातात काहीच उरत नाही, उलट तोच म्हणतो, "जाऊ दे, टेन्शन नको घेऊ." माझ्या मित्रानेही तेच म्हटलं होतं. मी पैसे वाचवलेच, वर त्याचा रागावण्याचा हक्कही काढून घेतला, आणि त्याच्याकडून सहानुभूती घेतली ती वेगळीच.

याची दुसरी बाजू आहे, ती मी टाळत नाही. 'हात जरा तंग आहे' हे आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि ऐकणाऱ्यालाही बहुतेकदा खरं काय ते कळतं. त्या खोट्यात एक माया असते. 'तुझ्या बहिणीच्या फीपेक्षा मला सायकल महत्त्वाची वाटते' हे तोंडावर ऐकण्यापेक्षा 'हात तंग' ऐकणं सोपं. मागणाऱ्याची लाज त्यात राखली जाते. पण मग मी स्वतःला विचारलं, तेव्हा मी कोणाची लाज राखत होतो? उत्तर द्यायला वेळ लागला नाही.

रविवारी संध्याकाळी त्याला बुधवार बाजाराजवळच्या टपरीवर बोलावलं. चहा आला. मी म्हणालो, "तू मागितले होते तेव्हा माझ्याजवळ पैसे होते. सायकलीसाठी ठेवले होते."

तो हसला. "माहीत होतं मले."

"कसं?"

"अबे, तूच त रोज दोन सायकलींचे फोटो धाडून राहिला होता. कोणती घेऊ, कोणती घेऊ. मी सांगितलं नाही का, महागवाली घे म्हणून?"

मला खरोखर आठवत नव्हतं. फोन काढून पाहिलं. 'सध्या नाहीत रे' नंतर बरोबर चार दिवसांनी मी त्यालाच दोन्ही सायकलींचे फोटो पाठवले होते, किमतीसकट. आणि त्याने खरंच उत्तर दिलं होतं. दीड महिना मी ज्याच्यापासून लपवत होतो, त्यालाच सल्ला विचारत होतो.

फी भरून झाली होती. आईच्या पाटल्या एका पतसंस्थेत गहाण ठेवल्या होत्या. मी विचारलं, "मग तेव्हा काही बोलला काऊन नाही?"

"काय बोलू? तू नाही म्हटलं. नाही म्हटल्यावर आणखी काय मागतात?" त्याने कपात पाहिलं. "आहेत पण देत नाही म्हटलं असतं, त मी दहा मागितले असते. दहा त दिले असते ना तू?"

दिले असते. नक्की दिले असते. सत्तावीस आणि पंचवीसच्या हिशोबात हा दहाचा आकडा मला एकदाही सुचला नव्हता, कारण तो दोघांनी बोलल्याशिवाय सुचणारा नव्हताच.

मी म्हणालो, आता पंचवीस देतो, पाटल्या सोडव. तो म्हणाला, "दहाच दे. बाकीचं मी पाहतो." का दहाच, हे त्याने सांगितलं नाही. मी पाठवले. त्याने लगेच मोबाइलमध्ये तारीख आणि रक्कम लिहून ठेवली आणि मला दाखवली.

सायकल मी ४१ हजारांचीच घेतली. हा त्याग म्हणून सांगत नाही. ती पुरेशी आहे हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, ते वर लिहिलंय. आणि एकेचाळीस निर्दोष आहेत का, याचा निकाल अजून लागलेला नाही. दूधवाले काका समोरून आले की मी जरा हळू होतो, एवढंच.

सायकल आणली त्या संध्याकाळी तो पाहायला आला. तलावाच्या बाजूने एक चक्कर मारून आणली. मी सवयीने दोन पावलं मागे पळालो, मग थांबलो. उतरताना त्याने गिअरची खटखट करून पाहिली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण तुले म्हटलं होतं ना बे, महागवाली घे."