शील आणि दंडुका



१४ एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदीचा एकविसावा दिवस. नांदेड-लातूरला ना मिरवणूक, ना ढोल. आपण उंबऱ्याच्या आतच बाबासाहेबांना वंदन केले. त्यासाठी कोणा शिपायाला दारात यावे लागले काय? आणि त्याच दिवसांत हातावर पोट असलेली माणसे चौकाचौकांत उठाबशा काढीत होती, पाठीवर काठ्या खात होती. मोटारवाल्याला उठाबशा क्वचितच!

साथीचा कायदा १८९७ चा, प्लेगच्या वर्षीचा. पुण्यात रँडच्या गोऱ्या सोजिरांच्या झडत्यांना भिऊन लोकांनी आजारी माणसेच दडवली. दंडुक्याने रस्ता ओस पडतो, रोग मात्र घरात लपतो. त्याच साथीत सावित्रीबाई रुग्णसेवा करता करता १० मार्चला गेल्या.

पंचशील आपण स्वतःच्या तोंडाने घेतो, ते कोणी लादत नाही. नियमही तसाच घ्यावा. पण अंतर म्हणजे विटाळ नव्हे. विटाळ काय असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हगवणीने लोळणाऱ्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले होते.

तेव्हा पुन्हा साथ आली तर तोंडाला रुमाल बांधा, आणि पहिल्याच दिवशी वस्तीत यादी करा: कोणाकडे धान्य नाही, कोण म्हातारे एकटे आहे.