गोळी सोडताना कुणाला सांगितले?



आपण नाम घेता, ध्यानाला बसता, मग मनासाठी गोळी कशाला? हा प्रश्न आपल्याला कुणीतरी विचारला असेल, किंवा रात्री दिवा मालवल्यावर आपणच स्वतःला विचारला असेल. माझ्या वाट्याला तो दोन्ही प्रकारे आला. म्हणून आज भाषांतर बाजूला ठेवून थोडे स्वतःचे लिहिते.

आम्ही मूळचे विट्याकडचे. गलाईच्या धंद्यासाठी आजोबा कुंभकोणमला आले आणि आम्ही इथलेच झालो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला नैराश्याचे निदान झाले. डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्राम सुरू केले. आठ महिन्यांत झोप परतली, भूक परतली, ताळेबंद पुन्हा जुळू लागले. त्याच सुमारास एका साधकाचे अनुभवकथन माझ्याकडे भाषांतराला आले. गोळ्या फेकून देऊन मी निसर्गाकडे वळलो, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. मी ते मराठीत आणखी सुंदर केले आणि मग स्वतःच त्याच्या मागे गेले.

इथे 'नाट्टु मरुंदु' म्हणजे काष्ठौषधींची दुकाने बाजारात सहज सापडतात. तिथून अमुक्करा चूर्ण आणले. आपली अश्वगंधाच ती. गोळी त्याच दिवशी बंद केली. घरी सांगितले नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे व्हायचे. चक्कर, मळमळ, भलतीसलती स्वप्ने. एकदा आईवर अशी ओरडले की तिच्या हातातले ताट तसेच हातात राहिले. ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, विष बाहेर पडतंय, सोस जरा." मीही ती तपश्चर्या समजून सोसत राहिले.

नवव्या दिवशी आईच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते रागावले नाहीत. शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, एवढेच आधी विचारले. मग समजावले: मेंदूला ज्या औषधाची सवय झाली, ते एकदम काढले की काही दिवसांतच असे होते. हे विष बाहेर पडणे नव्हे, आणि बहुधा आजार परतणेही नव्हे. तो सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू डोके वर काढतो. गोळी पुन्हा सुरू झाली. सोडायची असेल तेव्हा मात्रा थोडी थोडी कमी करत, आठवडे किंवा महिने घेऊन, त्यांच्या नजरेखाली सोडायची असे ठरले.

चूर्णाबद्दलही त्यांनी विचारले. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते, थायरॉइडची पातळी बदलू शकते, क्वचित यकृतालाही इजा होते. युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर अशा गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते; शिवाय रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते.

मग माझे चुकले ते काय? वनस्पतीकडे वळणे? मला तसे वाटत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा कसा उपयोग होतो, याचा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि आपली ही जुनी मुळी जगभर गेली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये गडद उदासीनता आल्याच्या नोंदी होऊ लागल्या. मुळी नैसर्गिकच होती. तिच्यात बळ होते, म्हणून गुण होता आणि म्हणूनच अपायही होता. वनस्पतीला निरुपद्रवी म्हणणारा खरे तर तिचे बळच नाकारतो.

माझे चुकले ते लपवणे. गोळी घेतानाही मी लपवत होते आणि सोडतानाही. बरी तर मी होतच होते. मला त्या अनुभवकथनातली व्यक्ती व्हायचे होते. साधनेच्या नावाखाली हा अहंकार किती सहज आत शिरतो, हे मला नऊ दिवसांत कळले.

इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर आहे. तिथल्या मराठी राजांपैकी दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्य, दोन्ही पद्धतींचे वैद्य काम करत. डोळ्यांच्या रुग्णांच्या तिथे ठेवलेल्या नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. दोन्ही पद्धती एकत्र नांदल्या याचे आपण कौतुक करतो. मला त्या नोंदींचे जास्त वाटते. एकाने काय दिले, हे दुसऱ्याला वाचता येत होते.

आपणही गोळी बदलण्याच्या विचारात असाल, तर चूर्णाची पुडी डॉक्टरांपुढे आणि गोळीची चिठ्ठी वैद्यांपुढे ठेवा. घरात एकाला तरी सांगा. आणि मध्येच जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही दिवसरात्र चालू असतो.

ते अनुभवकथन अजून माझ्याकडेच आहे. दुसऱ्याचे वाक्य बदलण्याचा अधिकार भाषांतर करणाराला नसतो. म्हणून मी त्या साधकाला पत्र लिहून एवढेच विचारले आहे: गोळ्या सोडताना आपण डॉक्टरांना सांगितले होते का? उत्तर आले की भाषांतर पाठवीन.