चषक आणि फलत्याग

चषक ही वस्तु मोठी चमत्कारिक आहे. पेला म्हणून तिचा उपयोग नाहीं, आणि मोडींत काढली तर चांदीचा भाव येईल तेवढाच. तरी तिच्यासाठीं माणसें उमेदीचीं वर्षें वेंचतात. ती जेत्याच्या मालकीची होते असेंही नाहीं. विंबल्डनचे पुरुषांसाठीं ठेविलेले पहिले दोन चषक विल्यम रेनशॉ यानें लागोपाठ विजय मिळवून कायमचे घरीं नेले. तेव्हां १८८७ सालीं क्लबानें तिसरा आणला, तो कोणासही कायमचा द्यावयाचा नाहीं असें ठरवूनच. तेव्हांपासून जेत्यास मिळतें तें मुख्यतः चांदीवर कोरलेलें नांव.

डेव्हिस चषकाचेंही तसेंच आहे. १९०० सालीं ड्वाइट डेव्हिस या हार्वर्डच्या तरुणानें स्वतःच्या पैशानें चांदीचें एक भांडें घडवून राष्ट्राराष्ट्रांतील टेनिससाठीं ठेविलें. पुढें नांवांस जागा पुरेना, म्हणून त्याखालीं बैठका जोडाव्या लागल्या. जेत्यांच्या यादींत १९७४ सालापुढें दक्षिण आफ्रिका आहे. अंतिम सामना मात्र त्या वर्षीं झालाच नाहीं.

भारत त्या सामन्यास पात्र ठरला तो आमच्या पुण्यांत. सोव्हिएत संघाचा येथें पराभव झाला. विजय व आनंद हे अमृतराज बंधु ऐन भरांत होते, आणि चषक प्रथमच भारतांत येईल ही आशा वाजवी होती. परंतु वर्णभेद हाच ज्या राज्याचा कायदा, त्याच्याशीं खेळावयाचें नाहीं, असा भारत सरकारचा निश्चय होता. सामना सोडून देण्यांत आला.

हा निश्चय योग्य होता असें आम्ही समजतों. १९४६ सालींच, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीं, हिंदुस्थाननें दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार बंद केला होता. ज्या देशानें पैशाचा तोटा पत्करला, त्यानें चांदीच्या भांड्यासाठीं मन पालटणें शोभलें नसतें. कोणी म्हणेल, आर्थर अॅश हा कृष्णवर्णीय अमेरिकन १९७३ सालीं जोहान्सबर्गला जाऊन खेळलाच ना? खेळला, पण तो आपण होऊन गेला. अमृतराज बंधु थांबले ते दुसऱ्याच्या निर्णयानें, आणि आमची खरी अडचण येथेंच आहे.

गीतेनें फलत्याग सांगितला तो कर्त्याला, आणि तोही स्वतःच्या कर्माच्या फळाचा. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे देवास वाहून पुण्य आपल्या पदरीं घेण्याची सोय त्यांत नाहीं. यावर उत्तर असें कीं, डेव्हिस चषकांत खेळाडू देशाच्या नांवानें उतरतो, सबब फळही देशाचेंच. नियमानें हें बरोबर असेल. पण घाम गाळला तो त्याच्या अंगानें. आणि खेळाडूच्या भराचे दिवस ते किती! मुत्सद्द्यास दहा वर्षांनींही संधि सांपडते. म्हणून निर्णय योग्य असूनही त्या त्यागाचें श्रेय सरकारच्या खातीं मांडणें आम्हांस मान्य नाहीं. सरकारनें मागितलें, खेळाडूंनीं दिलें. ऋण राहिलें तें मागणाऱ्याकडे. असें ऋण पैशानें फिटत नाहीं. निदान तें आहे एवढें तरी मोकळेपणानें बोलून दाखवावें लागतें.

तेरा वर्षांनीं, १९८७ सालीं, भारत पुन्हां अंतिम फेरींत पोहोंचला. विजय अमृतराज तेव्हांही संघांत होते, पण स्वीडननें ५-० असा पराभव केला. चषक अद्याप आलेला नाहीं. २०१७ च्या फेब्रुवारींत बालेवाडीस न्यूझीलंडविरुद्ध लढत झाली, तेव्हां भारताचे न खेळणारे कर्णधार आनंद अमृतराज होते. त्या पदावरील ती त्यांची शेवटची लढत. भारत ४-१ असा जिंकला.