दुसरी बाही

कुठल्याही मराठी मध्यमवर्गीय घरातले लोखंडी कपाट उघडा. वरच्या खणात पैठणी आणि विम्याच्या पॉलिशा, मधल्या खणात इस्त्रीचे कपडे आणि अगदी तळाशी एक फुगलेली पिशवी. या पिशवीत डोकावायची पुरुषांना बंदी असते. आत एका बाहीचा स्वेटर असतो. मॅटी क्लॉथवर मानेपर्यंत आलेले हरीण असते. शिंगे यायची असतात. टीव्हीवर घालायचा म्हणून सुरू केलेला क्रोशाचा रुमाल असतो. मधल्या काळात टीव्हीच वाळून भिंतीला चिकटला आणि रुमालाला बसायला जागा उरली नाही.

प्रस्तुत लेखक बँकेत कारकून आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या शास्त्रात अशा मालाला 'वर्क इन प्रोग्रेस' म्हणतात आणि ताळेबंदात तो मालमत्तेच्या बाजूला दाखवतात. हे मी घरी एकदा सांगून पाहिले.

"मालमत्ताच आहे ती," ही म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

पण माझ्या मते नोंद देण्याच्या बाजूला हवी. कारण पिशवीतली प्रत्येक वस्तू कोणाला तरी कबूल केलेली असते. हरीण माझ्या बहिणीच्या वास्तुशांतीचे आहे. स्वेटर पुतण्याचा. ज्याच्या बारशासाठी टाके घातले, तो यंदा बारावीला बसला. तेव्हा प्रश्न असा, की कबूल केलेली पण पुरी न झालेली भेट ही भेट समजायची, की थकबाकी?

कायदा या बाबतीत निष्ठुर आहे. १८७२ च्या करार कायद्याचे २५ वे कलम बी. कॉम.ला आम्ही घोकले होते. मोबदल्याशिवाय केलेला करार एरवी रद्दबातल. जवळच्या नात्यात नैसर्गिक प्रेमापोटी केलेला चालतो, पण तो लेखी आणि नोंदवलेला हवा. स्वेटर विणायला घेण्याआधी कोणी काकू सब-रजिस्ट्रारकडे जाऊन आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याहून कडक. जी वस्तू अजून अस्तित्वातच आली नाही, तिची भेट देता येत नाही. म्हणजे विणलेली बाही फार तर पुतण्याची; न विणलेली कोणाचीच नाही.

आता ही दुसरी बाही का अडते, ते पाहा. लोकर निवडताना उत्साह उतू जात असतो. पाठ त्या भरात होते, पुढचा भाग ओघात, पहिली बाही भिडेखातर. दुसरी म्हणजे पहिलीचीच पुनरुक्ती. तेच टाके, तेच उलट-सुलट, नवे काही नाही. तोवर लोकर संपलेली असते आणि त्याच नंबरची आणली तरी लॉट बदलला की रंगात फरक पडतो. पुढे तुकडे जोडणे, धाग्यांची टोके आत लपवणे. म्हणजे ज्याबद्दल कोणी 'वा' म्हणत नाही असली कामे. म्हणून मला वाटते, सुरुवात माणूस स्वतःच्या हौसेसाठी करतो. दुसरी बाही मात्र दुसऱ्याला थंडी वाजते म्हणूनच विणली जाते. भेटीतला भेटीचा भाग तेवढाच.

मग सगळेच पुरे केले पाहिजे का? तसेही नाही. बारशाचा स्वेटर बारावीच्या मुलाला देणे ही चेष्टा झाली. लोकरीचा मोठेपणा असा, की उसवून, लडी करून, धुऊन वाळवली की ती पुन्हा कामाला लागते. भरतकामाला ही सोय नाही; उसवले तरी सुईची भोके राहतात. बँकेत कर्ज 'राइट ऑफ' केले म्हणजे माफ झाले असे नव्हे, देणे राहतेच. तसेच हे. स्वेटर उसवा, पण त्या लोकरीचा मफलर त्याच पुतण्याला द्या. मफलरला बाह्या नसतात.

हे झाले विणणारी हयात असताना. तीच गेली तर?

आई २०१९ साली गेली. माझ्या मुलीसाठी ती जुनेरांची गोधडी शिवत होती. कडेने धावदोरा घालत घालत ती आत सरकली होती. मध्ये पाटाएवढा चौकोन राहिला होता आणि सुई दोऱ्यासकट तिथेच टोचलेली होती. दादा म्हणाला, आठवण म्हणून तशीच ठेवू. ताई म्हणाली, शिंप्याकडून मशीन मारून घेऊ. तीन वर्षे गोधडी ट्रंकेत आणि ठराव टेबलावर.

शेवटी एका दुपारी हिने सुईत दोरा ओवला. "आईंनी ती पांघरायला शिवायला घेतली होती, बघायला नाही," एवढेच म्हणाली. हिचा टाका आईच्या दुप्पट लांब आणि जरा तिरका. ताईने सुचवले की उसवून सारखा कर. ही म्हणाली, "कळू दे की दोघींची आहे."

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत जाडजूड लेजरे होती. कोणाची बदली झाली की पानाच्या मध्येच अक्षर बदलायचे. चार्ज घेणारा आधीच्याचे अक्षर गिरवत बसत नसे. शिल्लक पुढे ओढायचा. अमेरिकेत तर २०२२ साली दोन मैत्रिणींनी 'लूज एंड्स' नावाचा उपक्रमच काढला. कोणी गेल्यामुळे किंवा आजारपणामुळे अर्धे राहिलेले विणकाम-भरतकाम स्वयंसेवक फुकट पुरे करून त्या घरी परत देतात. म्हणजे चार्ज अनोळखी माणूससुद्धा घेऊ शकतो.

गोधडी आता मुलीबरोबर नाशिकच्या होस्टेलवर आहे. मधला भाग जरा ढिला आहे, अशी तिची तक्रार असते. पाय मात्र ती तिथेच घालते. भेट देणारा हयात असतानाच ती स्वीकारावी लागते, असे कायदा म्हणतो. तेव्हा कायद्याने ही भेट झालीच नाही. पण नाशिकच्या थंडीत पहाटे चार वाजता तिच्या अंगावरचे पांघरूण सारखे करायला कायदा थोडाच येणार आहे?