अशक्तासाठीं सोडलेला हक्क

वचन: करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ८, वचनें ९ ते १३, अध्याय १२, वचन २२.



एका वर्गांत तीस मुलें बसतात, असें समजा. त्यांपैकीं एकाच्या अंगीं रोगाशीं झगडण्याची शक्ति फारच थोडी आहे. इतरांस जो सर्दीताप चार दिवसांत सोडून जातो, तोच त्या लेंकराच्या जिवावर बेतूं शकतो. त्याची आई गुरुजींस विनविते कीं, वर्गांतील सर्वांनीं तोंडावर मुखपट्टी बांधावी. दुसरी आई म्हणते, “माझें मूल दिवसभर गुदमरतें. एका घरच्या दुखण्यासाठीं एकोणतीस घरांनीं कां सोसावें?” दोघीही आपापल्या लेंकरावर प्रीति करितात. मग कोणाचें ऐकावें?

असा वाद खरोखर झालेला आहे. कोविडच्या सांथींत, १५ जानेवारी २०२२ रोजीं, अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानाचे राज्यपाल ग्लेन यंगकिन यांनीं अधिकारावर येतांच असा आदेश काढिला कीं, मुलानें शाळेंत मुखपट्टी बांधावी किंवा नाहीं हें त्याच्या आईबापांनींच ठरवावें. पुढें विधिमंडळानेंही तसाच कायदा केला व तो १ मार्चपासून अंमलांत आला. पुष्कळ आईबापांस हायसें वाटलें. परंतु बारा आजारी मुलांचे आईबाप न्यायालयांत गेले. त्या मुलांपैकीं कोणास कर्करोग, कोणास दमा, कोणास फुप्फुसांचा दुसरा विकार होता. अपंग व आजारी मुलांस इतरांसारखाच शाळेचा लाभ मिळावा म्हणून अमेरिकेनें १९७३ व १९९० सालीं कायदे केले आहेत, त्यांचा आधार त्यांनीं घेतला. २३ मार्च २०२२ रोजीं न्यायाधीश नॉर्मन मून यांनीं तात्पुरता हुकूम दिला. त्यांनीं सर्व संस्थानावर सक्ति लादिली नाहीं. परंतु या बारा मुलांच्या शाळांनीं त्यांच्याभोंवतींच्या कांहीं जणांस मुखपट्टी बांधावयास सांगणें वाजवी ठरत असेल, तर नवा कायदा त्याच्या आड येऊं नये, असें ठरविलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत उभयपक्षीं तडजोड झाली.

न्यायालयानें आपलें काम केलें. परंतु शेजारच्या बाकावरील मुलाच्या आईच्या मनांत त्या आजारी लेंकराविषयीं कळवळा उत्पन्न करणें हें कोणत्याही न्यायालयाच्या हातीं नाहीं. तें काम सुवार्तेचें आहे.

करिंथ येथील मंडळींत मांसाविषयीं तंटा होता. मूर्तीस वाहिलेलें मांस खाण्यास ज्यांच्या मनाला कांहीं वाटत नसे, ते म्हणत, हा आमचा हक्क आहे. पौलानें त्यांचा हक्क नाकारिला नाहीं. त्यानें एवढेंच विचारिलें कीं, तुझ्या हक्कानें तुझ्या अशक्त भावाचा नाश होत असेल तर त्या हक्काचें तूं काय करशील? आणि आपल्याविषयीं तो सांगतो कीं, माझ्या भावाला अडखळण होत असेल तर मी कधींही मांस खाणार नाहीं. तेथें पौल दुर्बळ विवेकबुद्धीविषयीं बोलत आहे, दुर्बळ शरीराविषयीं नाहीं, हें मी जाणतों. परंतु ज्या भावासाठीं ख्रिस्त मेला त्याचें मन सांभाळावें, आणि त्याचा जीव मात्र सांभाळूं नये, असें कोण म्हणेल? आणि बाराव्या अध्यायांत तोच प्रेषित शिकवितो कीं, शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच अगत्याचे आहेत. यास्तव तें आजारी लेंकरूं वर्गावर पडलेलें ओझें नव्हे. तें वर्गाचें अगत्याचें अंग आहे.

कोणी म्हणेल, “राखणारा देव आहे; भय कां धरावें?” माझ्या बंधो, स्वतःच्या जिवाविषयीं असें बोललास तर तो विश्वास असेल. दुसऱ्याच्या लेंकराच्या जिवाविषयीं बोललास तर तें धाडस होय. मोशेच्या नियमशास्त्रांत (अनुवाद २२:८) आज्ञा आहे कीं, नवें घर बांधणारानें धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाहीं. आपल्या देशावरच्या गांवांत धाब्याचीं घरें आहेत, म्हणून ही गोष्ट तुम्हांस समजावून सांगावयास नको. घरधन्याची पावलें आपल्या धाब्याला सरावलेलीं असतात. कठडा हा बहुतकरून पाहुण्यासाठीं व पोरासाठीं असतो. मुखपट्टीही तसाच एक कठडा आहे. आपल्या श्वासाबरोबर जें बाहेर पडतें तें दुसऱ्यावर जाऊं नये म्हणून ती आहे.

तथापि दुसऱ्या आईचें म्हणणें तुच्छ मानूं नका. बहिरें मूल गुरुजींचे ओंठ पाहून शिकतें. ओंठ झांकले तर त्याचें शिक्षण थांबतें. कित्येक मुलांस दुखण्यामुळें मुखपट्टी सोसवत नाहीं. म्हणजे एकाच वर्गांत दोन अशक्त असूं शकतात, व एकाचें औषध दुसऱ्याला दुःख देऊं शकतें. अशा वेळीं प्रीति ओरडत नाहीं. ती बसून विचार करिते. खिडक्या उघडतां येतील काय? ज्यांतून ओंठ दिसतात अशी पारदर्शक मुखपट्टी गुरुजींस बांधतां येईल काय? निदान जवळच्या बाकांवरील मुलांनीं, सांथीचे दिवस सरेपर्यंत, ती बांधावी काय? खोकणारें मूल आपण घरीं ठेवूं काय? आजारी मुलाच्या आईबापांनींही वैद्यानें सांगितलें असेल तेवढेंच मागावें, अधिक मागूं नये, आणि जें मिळेल त्याचे आभार मानावे.

महाराष्ट्रांत २ एप्रिल २०२२ पासून, म्हणजे त्या वर्षींच्या गुढीपाडव्यापासून, मुखपट्टी ऐच्छिक झाली. सक्ति गेली, म्हणून अशक्त लेंकरें गेलीं असें नाहीं. कर्करोगावर औषध घेऊन शहरांतील रुग्णालयांतून गांवीं परत आलेलें मूल आपल्या शब्बाथशाळेंतही येऊन बसेल. त्या औषधानें रोगाबरोबर अंगची प्रतिकारशक्तिही खालावते. त्या दिवशीं कोणी हुकूम देणारा नसेल. पौलानें फिलेमोनाला हुकूम करण्याचें धैर्य असतांही विनंतीच केली, कारण चांगुलपणा बळजबरीनें नव्हे तर खुषीनें व्हावा अशी त्याची इच्छा होती. तीच विनंति मी तुम्हांस करितों.

आणखी एक गोष्ट. मोठीं माणसें शाळेच्या दारांत भांडतात तेव्हां तें आजारी मूल ऐकत असतें. हें सर्व आपल्यामुळें झालें, असें तें मनांत धरून घरीं जातें. मुखपट्टी बांधा अथवा न बांधा, तें ओझें त्याच्या शिरावर घालूं नका. आणि ज्या मुलानें मित्रासाठीं आपण होऊन तोंडावर पट्टी बांधिली, त्याला त्या दिवशीं जो धडा मिळाला तो कोणत्याही पुस्तकांत नाहीं.

ज्या प्रभूनें आपला हक्क सोडून आम्हां अशक्तांसाठीं दासाचें रूप घेतलें, तो आमच्या आईबापांस हें मन देवो. आमेन.