टेबलावरची घंटी

‘घरगुती अडचणीमुळे पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे, तरी कृपया नोंद घ्यावी.’ सरकारी मराठीत इतकं सोयीचं वाक्य दुसरं नसेल. मी ते लिहून दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. बदली होणार नव्हती. त्याच इमारतीत एक मजला वर जायचं होतं. पगार वाढणार होता. घरी म्हणाल तर अडचण कसलीच नव्हती. बायकोने पेढे कुठून आणायचे तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

जबाबदारी नको असेल, असं लोकांना वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. पण साहेबांच्या रजेत तीन वेळा त्यांचा चार्ज मी सांभाळला होता आणि त्या दिवसांत झोप छान लागायची. फक्त चार्ज होता, खुर्ची नव्हती. सह्या माझ्याच जुन्या टेबलावर बसून करायचो, एकच्या सुमाराला चौघांबरोबर डबा उघडायचो, आणि जाधवांच्या लसणाच्या चटणीवर माझा हक्क अबाधित असायचा.

अपयशाची भीती निदान ओळखू येते. यशाची भीती मात्र येते तीच शहाणपण होऊन: ‘आहे ते बरं आहे’, ‘कशाला हवाय वरचा ताप’. आपल्याकडे तर तिला लहानपणापासून खतपाणी मिळतं. पेपर उत्तम गेला तरी ‘बरा गेला’ म्हणायचं, नवी गाडी आली की आधी लिंबू-मिरची. यात गंमत आहे, नम्रताही आहे; पण ‘दृष्ट लागेल’ या शब्दांत शेजाऱ्याच्या डोळ्यांइतकीच आपल्या मनातली चुटपुटही असते.

ही भीती फक्त आपल्याकडेच असते असंही नाही. १९६०च्या दशकात मॅटिना हॉर्नर या अमेरिकन संशोधक बाईंनी कॉलेजातल्या मुलींना एक वाक्य देऊन पुढची गोष्ट लिहायला सांगितली. पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर ॲन मेडिकलच्या वर्गात पहिली आली आहे, एवढंच ते वाक्य. ॲनच्या जागी जॉन घालून मुलांनाही तेच काम दिलं. ६५ टक्क्यांच्या आसपास मुलींनी ॲनच्या यशाला काही ना काही गालबोट लावलं: ती एकटी पडली, तिने मुद्दाम अभ्यास कमी केला. मुलांत हे प्रमाण १० टक्केही नव्हतं. एकीने तर लिहिलं की ॲन नावाची मुलगीच नाही. काही विद्यार्थ्यांनी मिळून ते नाव उभं केलंय आणि पाळीपाळीने तिचे पेपर तेच लिहितात. पहिली येणारी मुलगी पचवण्यापेक्षा ती नाहीच म्हणणं सोपं गेलं! पुढे या प्रयोगावर पुष्कळ वाद झाले, पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

मला माझं कोडं उलगडलं ते मात्र फ्रॉइडमुळे. यश हाती येताच खचणाऱ्या माणसांवर त्याने १९१६ मध्ये लिहिलं होतं. स्वतःची गोष्ट सांगायला त्याला आणखी २० वर्षं लागली. १९०४ मध्ये तो आणि त्याचा धाकटा भाऊ ट्रिएस्टला होते. कोणीतरी सुचवलं, अथेन्सला जा, आज दुपारीच बोट आहे. शाळेपासून ज्या गावाबद्दल वाचलं ते गाव समोर चालून आलं, आणि हे दोघे भाऊ तोंड पाडून बंदरात भटकत राहिले. पासपोर्ट नाहीत, उतरू देणार नाहीत, जमणार नाही. बोटीचं ऑफिस उघडल्यावर मात्र निमूटपणे तिकिटं काढली. अक्रोपोलिसवर उभं राहिल्यावर फ्रॉइडच्या मनात आलं, म्हणजे हे सगळं खरंच आहे तर! १९३६ मध्ये, ऐंशीला टेकल्यावर, फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँला लिहिलेल्या पत्रात त्याने या उदासीचा अर्थ लावला. त्याचे वडील व्यापारी होते, शिक्षण बेताचं. अथेन्सचं त्यांना काही वाटलं नसतं. मुलगा तिथे पोचला म्हणजे वडिलांच्या पुढे गेला, आणि ते जणू करायचं नसतं.

हे वाचलं तेव्हा मला एकदम वरच्या मजल्यावरच्या टेबलावरची ती पितळी घंटी दिसली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका शाळेत ३१ वर्षं शिपाई होते. घंटी वाजली की उठायचं. जेवताना शेजाऱ्यांच्या घरात कसली घंटी वाजली तरी त्यांचा हात ताटावर थबकायचा. ते मी लहानपणी पाहिलंय. वरच्या खुर्चीत बसल्यावर मला ती घंटी दाबावी लागणार होती, आणि बाहेरच्या स्टुलावरून कोणीतरी अण्णांच्या वयाचा माणूस उठणार होता. माझी घरगुती अडचण एवढीच होती. म्हणजे त्या पत्रातलं वाक्य तसं खोटं नव्हतं.

या भीतीवर मात करायला सांगणारी पुस्तकं ढिगाने मिळतात. त्यांत झेप, पंख, आकाश पुष्कळ असतं. खाली राहिलेल्या माणसांबद्दल ओळ नसते. भीती त्या माणसांचीच असते, तर मग त्यांनाच विचारायला हवं. फ्रॉइडला ती सोय नव्हती, त्याचे वडील १८९६ मध्येच वारले होते. मला होती.

पुन्हा नंबर लागायला तीन वर्षं गेली. ऑर्डर आली त्या रात्री मी अण्णांना घंटीचं सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, गहिवरलेही नाहीत. सुपारी कातरता कातरता म्हणाले, “घंटी वाजली म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही रे. काही साहेब ती दाबूनच धरायचे, त्याचा राग यायचा. तू एकदा दाब आणि सोड.”

दुसऱ्या दिवशी मी रुजू झालो. डबा अजून खालीच खातो. घंटी एकदा दाबतो आणि सोडतो.